बाळंतिणीची बाजरी

आमच्या वस्तीवर माझ्या माघारी मला 'दाणेबघी' म्हणतात. तोंडावरही म्हणतात, मला काय त्याचं! कुणाकडं जेवायला बसले की भाकरीचा तुकडा मोडून मी आधी उजेडाकडं धरते. कुठल्या रानातलं धान्य, कधी दळलं, निवडलं कुणी, हे विचारल्याशिवाय माझा घास उचलत नाही. नणंदेच्या सासूनं एकदा भर पंगतीत विचारलंच, "काय गं सुमन, आमी काय इख घातलंय व्हय त्यात?" मी म्हटलं, "तुमी कशाला घालाल? पर दाण्याचं काय सांगावं!" सगळ्या खदाखदा हसल्या. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी गुपचूप आपल्या ताटातली भाकरी मोडून बघितली.

हे लिहायला मला नगरच्या दवाखान्यातल्या रूथ सिस्टरनं भरीला घातलं. त्या म्हणाल्या, तुझ्यासारखी एखादी बाई कुठंतरी पडलेली असेल आणि घरचे तिच्यावरून लिंबं उतरवत बसले असतील. तिच्यासाठी लिही. मी सातवीपर्यंत शिकलेली आहे. जमेल तसं लिहिते.

*

मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या साली मला पहिली मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, देवळाली प्रवऱ्याला. तिथं पाटाचं पाणी, चहूकडं ऊस, घरात गव्हाची चपाती. मला दूध इतकं यायचं की पोरीला पिताना ठसका लागायचा. आई म्हणायची, "हिला कुणाची दृष्ट लागू नये बाई."

सव्वा महिन्यानं मी सासरी आले. आमची वस्ती कर्जत तालुक्यात, सगळं कोरडवाहू. त्या वर्षी बाजरी फुलोऱ्यात असताना बारीक पावसाची झड लागली होती. ओढ्याकाठचा तुकडा सगळ्यांच्या आधी कणसं टाकून निसवला होता, तो त्या झडीत सापडला. कणसांवर मधासारखं चिकट काहीतरी सुटलं होतं म्हणे. पण दाणा तर भरला. त्या तुकड्याची बाजरी सगळ्यांच्या आधी खळ्यावर आली आणि आत्याबाईंनी ती वेगळ्या मडक्यात भरून ठेवली. माझ्यासाठी!

आमच्याकडं बाळंतिणीला नवी बाजरी देतात. तिनं दूध उतरतं, कंबर भरते, अंगात ऊब राहते. घरातली बाकीची माणसं मागच्या सालची ज्वारी खात होती. आत्याबाई तर शिळी ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा यावर भागवायच्या. माझ्या ताटात मात्र गरम बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, शेपूची भाजी, लसणाची चटणी. शेजारी बसून वाढायच्या.

"खा पोरी. तुझ्या ताटात समदं नवं हाय."

माझी आई सोडली तर इतक्या मायेनं मला कुणी वाढलं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

*

पहिल्याच दिवशी दुपारी पोटात ढवळून आलं. दोनदा उलटी झाली. वाटलं, एस. टी.चा प्रवास बाधला. भिंतीला टेकून बसले आणि झोप आली.

झोप म्हणते खरी, पण ती झोप नव्हती. दमलेलं माणूस झोपतं तेव्हा ते आपल्या मनानं झोपतं. मला कुणीतरी खाली ओढत होतं. डोळे अर्धे उघडे असायचे. छपराचे वासे दिसायचे, कोनाड्यातली चिमणी दिसायची, पण बोट हलत नव्हतं. पोरगी माझ्या कुशीत रडायची आणि तिचं रडणं विहिरीच्या तळातून यावं तसं यायचं. मला कळत होतं की ती भुकेली आहे. मी मनातल्या मनात ओरडत होते, आले गं, आले. पण तोंडातून शब्द नाही.

जाग आली तेव्हा दुसरा दिवस मावळतीला लागला होता. आत्याबाई पायाशी बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"झोपंत कोनाशी बोलत हुतीस गं?" त्यांनी विचारलं.

"कुणाशी नाही."

"हसत हुतीस."

 मला हसल्याचं काहीच आठवत नव्हतं.

मग त्यांनी माझ्यात ताकद यावी म्हणून आणखी एक भाकरी केली.

*

त्यानंतर हे रोजचंच झालं. खायचं, ओकायचं, बुडायचं. आणि दूध आटत चाललं. एक दिवस पोरीनं छातीला तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि तोंड काढून माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही. नुसती बघत राहिली. ती नजर मला अजून विसरता येत नाही.

दूध यावं म्हणून आत्याबाईंनी बाजरीचा घाटा सुरू केला, गूळ घालून. वाटीभर सकाळी, वाटीभर संध्याकाळी. दूध होतं नव्हतं तेवढंही गेलं. पोरीला शेळीचं दूध बोळ्यानं पाजायला लागले. ते तिला पचेना. तिच्या मांड्यांची कातडी सैल पडली.

शेवटी मामंजींनी शेजारच्या गावातून देवऋषी आणला. दाराशी बिब्बे, उशाला सुरी, माझ्या दंडात काळा दोरा हे आधीच झालं होतं. देवऋषीनं सुपात तांदूळ टाकले आणि डोळे मिटून विचारलं, "ह्या घरात बाळंतपनात कोन गेलीया?"

 मग आत्याबाई हळूच म्हणाल्या, "माजी थोरली जाऊ. ह्याच खोलीत."

"तीच हाय. पोरीचं दूध ती पितीया. अवसंच्या आत पोर आईपासनं लांब करा, न्हाईतर पोर बी जाईल."

तुम्ही म्हणाल, सातवी शिकलेली बाई, असल्या गोष्टी मानते कशी? अहो, तिथं पडून बघा. दूध आटलेलं, हातपाय आपले नाहीत, आणि ज्या भिंतीकडं तोंड करून पडलात त्या भिंतीशी एक बाई मेली आहे. मला ती दिसायलाही लागली. पाठमोरी बसलेली, केस मोकळे, मांडीवर काहीतरी घेऊन थोपटत असलेली. मी मानलं. पुरतं मानलं.

आमचे मालक, नामदेवराव, तेवढे म्हणाले, "अवस जरा लांब हाय. तवर हिला माहेराला न्हिऊन बघतो."

*

देवळालीला पोचले आणि बघता बघता बरी झाले. गव्हाची चपाती, वरण, कधी भात. डोळ्यांवरचं झाकण उघडलं. भिंतीशी कुणी नाही. थोड्याच दिवसांत दूधही उतरायला लागलं. पोरगी अधाशासारखी प्यायची आणि छातीशीच झोपायची.

आई म्हणाली, "त्या घरातच काहीतरी आहे."

मलाही तेच वाटलं. सासरी परतले तेव्हा उंबऱ्याच्या आत पाय टाकताना मी पोरीला पदराखाली घट्ट धरलं. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि ताट मांडलं. त्या दिवशी दुपारीच मी पुन्हा त्या विहिरीत गेले. भिंतीशी ती होतीच. या खेपेला तिनं मान अर्धी वळवली होती.

*

यावेळी नामदेवरावांनी कुणाचं ऐकलं नाही. मला आणि पोरीला घेऊन त्यांनी नगर गाठलं.

दवाखान्याची मला भीती वाटायची, पण तिथलं एक बरं असतं. तिथं सगळं वेळेवर होतं. सकाळी सिस्टर प्रार्थना म्हणायच्या, मग फिनेलचा वास, मग काचेची नळी जिभेखाली. दूध-पाव, गव्हाची लापशी, पातळ वरण. रक्त काढलं, लघवी बघितली, छातीला नळी लावली. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, कमी बोलायच्या. त्यांना काही सापडेना. आणि मी तर दिवसागणिक टवटवीत! पुन्हा दूध यायला लागलं. रूथ सिस्टर पोरीला वजनकाट्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काय गं बये, आईचं सगळं लुटून खाल्लंस ना?" त्या वाक्यासाठी मी दिवसभर वाट बघायची.

एक दिवस दुपारी दारात आत्याबाई उभ्या. कर्जतपर्यंत चालत, तिथून एस. टी.नं. पदराखाली फडक्यात बांधलेली भाकरी. "हितलं पांचट खाऊन अंगात काय राहनार? खा." माझा ऊर भरून आला. त्यांच्या समोर बसून मी भाकरी संपवली. त्या माघारी गेल्या.

संध्याकाळी उलटी. मग ते बुडणं. कॉटच्या पायथ्याशी ती पाठमोरी. उंबरा ओलांडून, एस. टी.त बसून ती इथवर आली होती!

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई आणि रूथ सिस्टर दोघी उभ्या होत्या.

"घरून काही आलं होतं खायला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भाकरी."

"उरली आहे?"

फडकं झटकून दाखवलं. कण नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा आली तर खाऊ नकोस. मला दाखव." त्या गेल्यावर रूथ सिस्टर कॉटवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "घरात तुला नीट वागवतात ना?"

मला आधी कळेना त्या काय विचारतायत. कळलं तेव्हा मी पोरीला जवळ ओढलं. भुताची भीती एक वेळ परवडली. भूत परकं असतं. पण जी बाई आपल्या पोटाला चिमटा घेऊन आपल्याला लोणी वाढते, तिच्या हाताची भीती? घरात आजारी मी एकटीच. ते पीठ खाणारी मी एकटीच. आणि पोरगी झाल्यावर आत्याबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "व्हय, पोरगी तर पोरगी." तेच वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं.

*

घरी आले तेव्हा अवस दोन दिवसांवर होती. नणंद पोरीला न्यायला येणार, हे ठरलं होतं. तिच्या पदरात तान्हं होतं, ती दोघांना पाजणार होती. सगळ्यांच्या मते यात पोरीचं भलं होतं. मी फक्त नामदेवरावांना म्हटलं, "पोर गेली तर मी जगणार नाही." ते खाली बघत म्हणाले, "अन् पोरगीच जगली न्हाई तर?" 

ताट आलं. मी पाणी मागितलं. आत्याबाई आत वळल्या तशी मी भाकरी दाराबाहेर मोतीपुढं टाकली. मोती आमचा कुत्रा, वस्तीवर परकं पाखरू आलं तरी भुंकणारा. मी नुसती भाजी खाऊन पडून राहिले आणि वाट बघितली. झोप आली नाही. भिंतीशी कुणी आलं नाही.

दुपार कलल्यावर उठून बाहेर गेले. अंगणात चिडीचूप. मोती तुळशीपाशी आडवा पडला होता, डोळे अर्धे उघडे, डोळ्यांवर माशा. मी हाक मारली, ढोसला. पोट हलत होतं, पण कान हलला नाही. उकिरड्याजवळ, जिथं आत्याबाई माझ्या बाजरीची पाखड टाकायच्या, तिथं दोन कोंबड्या भर उन्हात माना टाकून बसल्या होत्या. त्यांचे तुरे काळे पडले होते. सगळ्या अंगणावर माझीच झोप पसरली होती.

 मग मला आतून जो राग आला, तो आला! मी आत जाऊन म्हटलं, "आत्याबाई, कुत्र्याला पण हडळ लागली का? कोंबड्या काय बाळंतीण आहेत?"

"काय बोलतीस?"

"त्या मडक्यातल्या बाजरीत काहीतरी आहे. मी ती खाणार नाही."

त्यांचा हात काठवटीतच थांबला. "मी इख घालते? तुला? माज्या नातीच्या आईला?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग खाली मान घालून पीठ मळत राहिल्या. त्यानंतर आमच्यात शब्द झाला नाही. मला ज्वारीची भाकरी मिळाली, ताटाशिवाय, हातावर.

*

अवसेच्या दिवशी सकाळी नणंद आली. पोरीची दुपटी बांधून ठेवली होती. ऊन उतरलं की निघायचं ठरलं. मी पोरीला पाळण्यात घातलं आणि तिचे कपडे धुवायला विहिरीवर गेले, कारण घरात बसवेना. नणंद आपल्या तान्ह्याला घेऊन मामंजींना भाकरी द्यायला रानात गेली होती. घरात आत्याबाई आणि पोरगी.

परत येताना बांधावरूनच पोरीचं रडणं ऐकू आलं. एकसारखं, घसा बसलेलं. मी पळत आत गेले.

पाळणा थांबलेला होता. आत्याबाई त्याच्याखाली जमिनीवर आडव्या, भिंतीकडं तोंड. त्याच भिंतीकडं. हातात पाळण्याची दोरी तशीच. डोळे अर्धे उघडे आणि ओठांवर बारीकसं हसू.

"आत्याबाई!"

काही नाही. मी त्यांना गदागदा हलवलं. मान एका बाजूला पडली. पोरगी वर आकांत करत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. मला पहिल्यांदा बाहेरून दिसलं, मी कशी दिसत होते ते.

नणंद आली आणि किंचाळली, "आता आईला धरलं तिनं!" मामंजी धावत आले. कुणीतरी देवऋषीकडं पळालं. मी मात्र चुलीपाशी गेले. परातीत अर्धी भाकरी होती, काळपट, बाजरीची. आदल्या दिवसापासून त्या तेच खात होत्या, हे मला तेव्हा कळलं. कुणाला न सांगता. मी खरं बोलते की नाही ते बघायला.

मी त्यांच्या उशाशी बसले, पोरीला छातीशी घेऊन. देवऋषीला नामदेवरावांनी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या जाग्या झाल्या. ओकल्या. पाणी प्यायल्या. नणंद दुपट्याचं गाठोडं घेऊन उभीच होती.

आत्याबाईंनी ते गाठोडं बघितलं आणि फाटक्या आवाजात म्हणाल्या, "सोड ते. पोरगी कुटं जायाची न्हाई. तिच्या आईपाशी ऱ्हाईल."

*

मडक्यातली बाजरी पदरात बांधून आत्याबाई स्वतः माझ्याबरोबर नगरला आल्या. डॉक्टरीणबाईंनी ती एनॅमलच्या ताटलीत पसरली. दाण्यांत दाण्याएवढेच, लांबट, काळे कण होते. आत्याबाई म्हणाल्या, "मी पाखडली हुती की! डोळं गेलं माजं, पर सूप तर हाय!" सुपानं ते सगळे जात नव्हते, कारण दाण्याहून जेमतेम हलके. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही कणसावरची बुरशी. अरगट म्हणतात. तीच ओकवते, तीच झोपवते, आणि अंगावरचं दूधही तीच आटवते.

मग त्यांनी पातेल्यात पाणी घेऊन भरपूर मीठ विरघळवलं आणि त्यात बाजरी ओतली. चांगले दाणे तळाला गेले. काळे एकेक करून वर आले आणि पाण्यावर तरंगत राहिले. आम्ही दोघी बघत राहिलो. एवढे होते माझ्या पोटात!

तेव्हापासून बाजरी झडीतली असली की मी मिठाच्या पाण्यात टाकते, वरचं काढून पुरते, खालची दोन-तीन पाण्यांत धुऊन कडक वाळवते. फार काळी असली तर खायचीच नाही, कोंबड्यांनाही घालायची नाही. ग्रामसेविकाबाईंकडून आहाराची पुस्तकं मागून आणते, बायांना वाचून दाखवते. दुष्काळात सरकारी लाल मिलो, म्हणजे रेशनवरची परदेशी ज्वारी, आला तोही चाळल्याशिवाय दळू दिला नाही. घरच्या मायेनं वाढलेलं असलं तरी बघावं. मायेला काळा दाणा दिसत नाही.

नगरहून परतताना एस. टी.त पोरगी आत्याबाईंच्या मांडीवर झोपली होती, साधी, पोट भरलेल्या लेकराची झोप. दर थोड्या वेळानं त्या तिच्या नाकापुढं बोट धरून बघत होत्या.  मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुजी हाक मला ऐकू येत हुती गं. पोर रडत हुती ते बी. लई खोलातनं. अन् मला उटता येईना."

 मी विचारलं, "तिथं तुमची थोरली जाऊ दिसली का तुम्हाला?"

"न्हाई. मी बघितलं. लई बघितलं." त्यांनी माझा हात धरला. "कोन बी न्हवतं तितं. नुसता अंधार. इतकं दिस तू एकलीच हुतीस व्हय त्यात?"

मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो, आणि कंडक्टर तिकीट मागायचं सोडून पुढं गेला.